स्टुडिओ आणि छावणी : मियाताके कुटुंबाच्या छायाचित्र-व्यवसायावरील एक अनुबोधपट

छायाचित्रांचा उपयोग इतिहासाचे अथवा समाजशास्त्राचे साधन म्हणून करण्याची प्रथा आता आपल्या विद्यापीठांतूनही रूढ झाली आहे. चित्र कोणी काढले, केव्हा काढले, कोठे काढले, हे प्रश्न आपण नेमाने विचारतो. त्या चित्राचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. व्यापाराचा विषय निघाला की विद्वानांना थोडे अवघडल्यासारखे होते, हे त्याचे एक कारण असावे. वास्तविक जुन्या छायाचित्रांचा फार मोठा भाग कलावंतांनी अथवा वार्ताहरांनी काढलेला नाही. ती चित्रे ठिकठिकाणच्या स्टुडिओंनी गिऱ्हाइकाच्या मागणीवरून, ठरलेल्या दराने, काढून दिलेली आहेत. अशी चित्रे वाचावयाची कशी, याचा विचार करण्यास उपयोगी पडेल असा एक लहानसा अनुबोधपट प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘तोयो मियाताके : इन्फिनिट शेड्स ऑफ ग्रे’ हे त्याचे नाव; करड्या रंगाच्या अगणित छटा, असा त्याचा अर्थ. रॉबर्ट नाकामुरा यांनी तो २००१ साली दिग्दर्शित केला. निर्मिती कॅरन इशिझुका यांची. लांबी जेमतेम अर्ध्या तासाची.

मियाताके यांची कथा थोडक्यात सांगता येते, आणि बहुधा ती थोडक्यातच सांगितली जाते. अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या रहिवाशांना दुसऱ्या महायुद्धात स्थानबद्ध केले, तेव्हा लॉस अँजेलिस येथील एका छायाचित्रकाराने एक भिंग लपवून छावणीत नेले, लाकडाच्या खोक्याचा कॅमेरा केला आणि बंदी मोडून चित्रे काढली. कथा खरी आहे आणि हृद्य आहे. परंतु तिच्यामुळे एक गैरसमज निर्माण होतो. तो मनुष्य जणू त्या एका भिंगासाठीच जन्मास आला होता आणि छावणी सुटल्यावर त्याचे कार्य संपले, असे ऐकणाऱ्यास वाटते. नाकामुरा यांच्या चित्रपटाचा पहिला गुण हा की, छावणीच्या अलीकडची वीस वर्षे तो आपल्यासमोर मांडतो. त्या वीस वर्षांवाचून खोक्याच्या कॅमेऱ्याचा अर्थ लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तोयो मियाताके यांचा जन्म १८९५ साली जपानच्या शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात झाला. वडील आधीच अमेरिकेस गेले होते. त्यांच्यामागून १९०९ साली हा चौदा वर्षांचा मुलगा लॉस अँजेलिस येथे आला. ‘लिटल टोकिओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील जपानी वस्तीत तो वाढला. हॅरी शिगेता या जपानी छायाचित्रकाराकडे तो ही विद्या शिकला, आणि १९२३ साली त्याने त्याच वस्तीत स्वतःचा स्टुडिओ थाटला. ‘तोयो’ या शब्दाचा अर्थ पूर्वेकडील देश, पौर्वात्य जग असा होतो. त्यामुळे मालकाचे नाव आणि दुकानाची पाटी हे दोन्ही एकाच शब्दात साधले, ही गंमत सहज लक्षात येते.

अशा दुकानाला गिऱ्हाईक कोठून येत असे, हे समजण्यासाठी त्या वेळचे कायदे पाहावे लागतात. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला ‘इस्सेई’ म्हणतात. या पिढीला अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्याचा मार्गच नव्हता. ताकाओ ओझावा यांच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली तसा स्पष्ट निर्णय दिला, आणि ही आडकाठी १९५२ पर्यंत टिकली. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांनी शेतजमीन विकत घेऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ सालीच केला होता. १९२४ च्या कायद्याने जपानमधून नव्याने येणेही बंद झाले. म्हणजे आलेली माणसे येथे रुजू शकत नव्हती, आणि मागे राहिलेली तेथून येऊ शकत नव्हती. दोन्ही तीरांमध्ये जाण्यायेण्याची मोकळीक उरली ती पत्रांना आणि छायाचित्रांना.

छायाचित्राचे हे काम त्याही पूर्वी सुरू झाले होते. १९०७-०८ च्या करारान्वये जपानी मजुरांचे येणे थांबले; येथे असलेल्यांच्या पत्नींना मात्र येण्याची मुभा राहिली. तेव्हा अविवाहित पुरुष आपले छायाचित्र गावी धाडीत, तिकडून मुलीचे छायाचित्र येई, आणि विवाह जपानमध्येच वराच्या अनुपस्थितीत नोंदला जाई. १९२० साली जपान सरकारने अशा वधूंना पारपत्रे देण्याचे थांबविले, तोपर्यंत हजारो स्त्रिया या मार्गाने आल्या. बंदरावर उतरल्यावर हातातील चित्र आणि समोरचा नवरा यांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर आढळल्याच्या कथा त्या पिढीत पुष्कळ आहेत. स्टुडिओतील प्रकाशयोजना आणि उसना कोट यांनी एका अख्ख्या समाजाचे संसार जुळविले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे संसार उभे राहिले तशी चित्रांची मागणी वाढली. बाळाचे पहिले चित्र, शाळेची पदवी, लग्न, आणि अंत्यविधी. अंत्यविधीचे चित्र आपल्याला थोडे चमत्कारिक वाटेल. मंदिराच्या वा चर्चच्या दारात शवपेटिकेभोवती साऱ्या मंडळींना ओळीने उभे करून रुंद पट्टीचे सामूहिक चित्र काढावयाचे आणि त्याची प्रत जपानमधील नातलगांना धाडावयाची, अशी रीत या समाजात होती. तुमचा माणूस परमुलखात बेवारस गेला नाही, त्याला पोहोचविण्यास एवढी माणसे आली होती, हे त्या चित्राने सांगावयाचे असे. मृताचा चेहरा त्यात गौण, जमलेल्यांची संख्या महत्त्वाची. हे चित्र म्हणजे एक प्रकारची पावतीच होय. परक्या मुलखातील कुटुंबाने आपल्या प्रतिष्ठेचा हिशेब मायदेशी कळवावा, आणि तो कळविण्याची कारागिरी स्टुडिओने पुरवावी, असा हा व्यवहार होता. मियाताके यांचा चरितार्थ अशा व्यवहारावर चालत असे.

दुकानाबाहेरचे मियाताके निराळे होते, आणि चित्रपट या बाजूवर अधिक प्रेमाने रेंगाळतो. लिटल टोकिओमध्ये चित्रकार, कवी व छायाचित्रकार यांचे ‘शाकुदोशा’ नावाचे एक मंडळ होते. अमेरिकेतील थोर छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांची प्रदर्शने या मंडळाने १९२० नंतरच्या दशकात भरविली. वेस्टन त्या वेळी मोठे अडचणीत असत. या जपानी गिऱ्हाइकांनी आपली चित्रे जाणतेपणाने पाहिली आणि मोकळ्या हाताने विकत घेतली, याची त्यांनी आपल्या रोजनिशीत कृतज्ञतेने नोंद ठेवली आहे. नर्तक मिचिओ इतो यांच्या नृत्याची मियाताके यांनी काढलेली चित्रे याच काळातील. त्यांत देहापेक्षा छाया मोठी असते आणि अर्धी चौकट काळी सोडलेली असते. १९३२ साली लॉस अँजेलिस येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा जपानच्या ‘आसाही’ वृत्तपत्रासाठी त्यांनी छायाचित्रे घेतली. या पिढीतील जपानी छायाचित्रकारांचे पुष्कळसे काम १९४२ च्या धांदलीत नष्ट झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे जे उरले त्याचे मोल कळते.

तरीही येथे एक मतभेद नोंदविणे भाग आहे. चित्रपटाची मांडणी अशी की, मियाताके हे मूळचे कलावंत आणि स्टुडिओ हे पोटापाण्याचे साधन. हा विभाग प्रस्तुत लेखकाला पटत नाही. पुढे छावणीत जे घडले ते कलावंताच्या हातून घडले, त्याहून अधिक ते दुकानदाराच्या हातून घडले. लहान मुलाला हसविणे, पाचपन्नास माणसांना एका ओळीत उभे करणे, सांगितलेल्या दिवशी प्रत हाती देणे आणि निगेटिव्हवर क्रमांक घालून ती जपून ठेवणे या सवयी प्रदर्शनांतून लागत नाहीत. त्या स्टुडिओतच लागतात.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. बरोबर हाताने उचलता येईल तेवढेच सामान न्यावयाचे होते. जपानी वंशाच्या कोणाही व्यक्तीने, मग ती नागरिक असो वा नसो, कॅमेरा बाळगू नये, असा आदेश मार्च १९४२ मध्ये या टापूत लागू झाला. बंदूक, लघुलहरींचा रेडिओ आणि कॅमेरा ही तिन्ही एकाच यादीत होती. मियाताके यांनी स्टुडिओतील साहित्य लॉस अँजेलिस येथेच ठेवून दिले आणि पत्नी व चार मुले यांच्यासह ते मॅन्झनार येथे गेले. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस ओवेन्स खोऱ्यात, वाळवंटी वाऱ्याच्या तोंडावर ही छावणी होती. तेथील वस्ती एका वेळी दहा हजारांवर गेली होती.

सामानात त्यांनी दोन वस्तू लपविल्या होत्या : एक भिंग आणि एक फिल्म-होल्डर. याच दोन का, हे पाहणे उद्बोधक आहे. मोठ्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे तत्त्वतः एक काळोखी पेटी. पेटी कोणताही सुतार करू शकतो. भिंग मात्र छावणीत घडविता येत नाही. फिल्म-होल्डरचेही तसेच आहे. घासलेल्या काचेवर प्रतिमा स्पष्ट जुळवून घेतल्यावर ती काच जेथे होती नेमक्या त्याच पातळीवर फिल्म यावी लागते. त्यात सुतभर फरक पडला तरी चित्र धूसर होते. शिवाय फिल्मला उजेडाचा कणही लागू देता कामा नये. ही अचूकता कारखान्याची, हातकामाची नव्हे. म्हणजे जे करता येणार नाही तेवढेच नेले आणि जे करता येईल ते तेथे करावयाचे ठरविले. छावणीतील एका सुताराने टाकाऊ लाकडाची पेटी करून दिली. भिंग पुढेमागे सरकविण्यासाठी नळकामातील आट्यांच्या नळीचा उपयोग केला. नळी फिरविली की भिंग हलते आणि प्रतिमा जुळते. फिल्म मिळाली ती छावणीत माल घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या विक्रेत्याकडून. दुरून पाहणाऱ्यास ही पेटी जेवणाच्या डब्यासारखी दिसे.

थोरला मुलगा आर्ची त्या वेळी सतरा-अठरा वर्षांचा होता. येथे काय चालले आहे ते नोंदून ठेवणे हे छायाचित्रकार म्हणून आपले कर्तव्य आहे, असे वडिलांनी आपल्याला छावणीत बोलावून सांगितले, हे आर्चीने पुढे अनेकदा सांगितले आहे. चित्रपटाचा भावनिक गाभा हाच. बापाने मुलाला विश्वासात घेण्याची ही घटना आपण एरवी कौटुंबिक म्हणून सोडून देऊ. परंतु व्यवसायाच्या दृष्टीने पाहता येथे एका पेढीचा वारसा दुसऱ्या पिढीकडे सोपविला गेला आहे, आणि तोही पेढीपाशी दुकान, पाटी, गिऱ्हाईक यांपैकी काहीच उरले नसताना.

काही महिन्यांनी ही गोष्ट उघडकीस आली. छावणीचे संचालक राल्फ मेरिट यांनी शिक्षा करण्याऐवजी एक तोड काढली, आणि या विषयातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग तो हाच आहे. जपानी मनुष्याने चित्र काढावयाचे नाही हा नियम कायम राहिला. मियाताके यांनी माणसे बसवावी, प्रकाश पाहावा, भिंग जुळवावे, फिल्म घालावी. फक्त शेवटी शटरची कळ एका गोऱ्या व्यक्तीने दाबावी, म्हणजे चित्र ‘त्या व्यक्तीने काढले’ असे होईल. काही काळ असे चालले. पुढे हे नाटक सर्वांनाच गैरसोयीचे वाटू लागले आणि कळ दाबण्याचीही परवानगी मिळाली. अखेर मियाताके हे छावणीचे अधिकृत छायाचित्रकार झाले आणि लॉस अँजेलिस येथील साहित्यही मागवून घेता आले.

छायाचित्राचा कर्ता कोण, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या वर्गात चर्चिला जातो. मॅन्झनार येथे तो प्रशासनाने सोडविला होता आणि त्याचे उत्तर एका बोटापुरते होते. आपल्या अभिलेखागारांत ‘छायाचित्रकार’ या रकान्यात जी नावे आढळतात, ती वाचताना हे उदाहरण आठवावे. त्या रकान्यात पुष्कळदा कळेवरील बोटाचे नाव असते, पेटीमागच्या डोळ्याचे नसते.

येथून पुढे ‘लपवलेल्या भिंगाची’ कथा संपते आणि स्टुडिओची कथा पुन्हा सुरू होते. छावणीत रहिवाशांची सहकारी संस्था होती. दुकाने आणि इतर सोयी तिच्यामार्फत चालत आणि छायाचित्रांचा स्टुडिओही तिच्याच कक्षेत आला. छावणीतील कामाचे वेतन महिन्याला १२, १६ अथवा १९ डॉलर एवढेच असे. त्यांतून पैसे बाजूला काढून माणसे चित्र काढून घेण्यास येत. लग्ने झाली, बाळे जन्मली, मुले शाळेतून बाहेर पडली, तरुण सैन्यात भरती होऊन निघाले. ज्या राष्ट्राने घरच्यांना तारेच्या आत ठेवले होते, त्याच राष्ट्राच्या गणवेशातील मुलाचे चित्र आईबापांना हवे होते. दुकानाची पाटी गेली, गिऱ्हाईक गेले नाही. ते तारेच्या आत मियाताके यांच्या शेजारीच राहत होते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. या चित्रांतील माणसे हसतात. मुली केसांची ठेवण करून आल्या आहेत, नवरदेवाचा कोट बेताचा पण नीट आहे, वाद्यवृंद आहे, बेसबॉल आहे. अन्यायाचा पुरावा शोधणाऱ्या अभ्यासकाला ही चित्रे पाहून अस्वस्थ वाटते. छावणी इतकी वाईट नव्हती असे म्हणणाऱ्यांच्या हाती तर ती आयतीच सापडतात. यावर नेहमीचे उत्तर असे की, स्थानबद्धांची धीरोदात्तता या हास्यातून दिसते. ते उत्तर खोटे नाही, पण फार ढोबळ आहे. तुलनेसाठी त्याच छावणीत आलेले दुसरे दोन कॅमेरे पाहू.

डोरोथिया लँग यांनी १९४२ साली सरकारच्या नेमणुकीने हे स्थलांतर आणि मॅन्झनार चित्रित केले. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी अडकविलेली मुले, गाठोड्यांवर बसलेले वृद्ध, धुळीचे लोट अशी ती चित्रे होती. ती सरकारला इतकी बोलकी वाटली की, युद्ध संपेपर्यंत त्यांतील बहुतेक अडकवून ठेवण्यात आली. ॲन्सेल ॲडम्स १९४३ साली मेरिट यांच्या निमंत्रणावरून आले. पहाऱ्याचे मनोरे आणि काटेरी तार यांची चित्रे घेण्यास त्यांना मनाई होती. त्यांनी स्वच्छ उन्हात, अगदी जवळून, उजळ चेहऱ्यांची व्यक्तिचित्रे घेतली आणि १९४४ साली ‘बॉर्न फ्री अँड ईक्वल’ या पुस्तकात ती प्रसिद्ध केली. ही निष्ठावान, कष्टाळू अमेरिकन माणसे आहेत हे देशबांधवांना पटवावे, हा त्यांचा हेतू होता. युद्ध चालू असताना असे पुस्तक काढण्यास धैर्य लागते, यात शंका नाही.

लँग आणि ॲडम्स यांच्या चित्रांत एक साम्य आहे : दोघांचाही प्रेक्षक तारेच्या बाहेर आहे. लँग त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी करू पाहतात, ॲडम्स त्याचा गैरसमज दूर करू पाहतात. चित्रातील व्यक्तीला मात्र ते चित्र विकत घ्यावयाचे नसते. बहुधा ते तिला पाहावयासही मिळत नाही. मियाताके यांच्या चित्राचा प्रेक्षक तीच व्यक्ती आहे, आणि पैसे तिनेच दिले आहेत. तिने हसावयाचे ठरविले कारण ते चित्र तिच्या आईला जावयाचे होते, नातवंडांना दाखवावयाचे होते. अंत्यविधीच्या त्या रुंद चित्राप्रमाणे हीही एक पावतीच होती : आमचे बरे चालले आहे, मुलाचे लग्न रीतसर झाले. अशा चित्रात डिसेंबर १९४२ चा उद्रेक, ज्यात लष्करी पोलिसांच्या गोळीबाराने दोन तरुण मरण पावले, तो शोधणे व्यर्थ होय. स्टुडिओच्या चित्रावरून छावणीतील जीवन कसे होते हे फारसे समजत नाही. तेथील माणसांना आपण कसे आठवले जावे असे वाटत होते, हे मात्र समजते. हाही पुरावाच आहे. केवळ तो निराळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

तथापि मियाताके यांनी केवळ गिऱ्हाइकांचीच चित्रे काढली असे नाही, आणि येथे आमचे प्रतिपादन थोडे सैल करावे लागते. काटेरी तारेआड उभे असलेले तीन मुलगे, पाठीमागे पहाऱ्याचा मनोरा, हे त्यांचे चित्र जगभर परिचित आहे. शाळेच्या १९४५ च्या वार्षिकांकासाठी त्यांनी एक चित्र दिले. त्यात पकड धरलेला एक हात तार तोडावयास सज्ज आहे; हात आर्चीचा. ॲडम्स यांना मना केलेली तार आणि मनोरा येथे चौकटीच्या मधोमध आहेत. पाहुण्याला जे दाखवावयाचे नव्हते ते घरच्या छायाचित्रकाराला रोज दिसत होते. तरी हेही लक्षात घ्यावे की, दुसरे चित्र शाळेच्या वार्षिकांकासाठी म्हणजे पुन्हा गिऱ्हाइकासाठीच काढलेले होते. निषेधसुद्धा येथे मागणीनुसार पुरविलेला आहे, आणि त्यामुळे तो कमी खरा ठरत नाही. एका माणसाच्या निषेधापेक्षा एका शाळेचा निषेध संशोधकाला अधिक मोलाचा असतो.

अशाच एका चलच्चित्राचा येथे उल्लेख करावयास हवा. युटा राज्यातील टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो नावाचे दुकानदार आठ मिलिमीटर कॅमेऱ्याने गुपचूप घरगुती चित्रण करीत असत. तेथील सहकारी भांडारासाठी माल खरेदीच्या निमित्ताने त्यांना बाहेर जावे लागे, त्यामुळे फिल्म मिळविता येई. हे चित्रण १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत दाखल झाले. पुन्हा व्यापारच. नाकामुरा आणि इशिझुका यांनी मियाताके यांच्यावरील पटापूर्वी छावण्यांतील अशा घरगुती चित्रणांतूनच ‘समथिंग स्ट्राँग विदिन’ हा अनुबोधपट जुळविला होता. स्थानबद्धांनी स्वतः घेतलेली चित्रे कशी पाहावीत, याचा अभ्यास त्यांनी तेथेच केला असावा.

दिग्दर्शकाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. नाकामुरा यांचा जन्म १९३६ चा. बालपणी ते स्वतः मॅन्झनार येथे होते. प्रथम छायाचित्रकार म्हणून व्यवसाय केल्यावर ते चित्रपटाकडे वळले. १९७० साली ‘व्हिज्युअल कम्युनिकेशन्स’ ही आशियाई अमेरिकन माध्यमसंस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते, आणि त्यांचा आरंभीचा लघुपट ‘मॅन्झनार’ या नावाचाच आहे. म्हणजे मियाताके ज्या मुलांची चित्रे घेत होते, त्या पिढीतील एक मुलगा साठ वर्षांनी कॅमेरा घेऊन परत त्यांच्याकडे वळला. हे नाते चित्रपटात कोठेही मोठ्याने उच्चारलेले नाही, आणि ते योग्यच आहे. पुढे नाकामुरा यांच्या मुलाने, तादाशी यांनी, वडिलांवर ‘थर्ड ॲक्ट’ हा अनुबोधपट केला. तो २०२५ साली प्रदर्शित झाला. बापाकडून मुलाकडे जाणारा कॅमेरा अशा रीतीने दोन घराण्यांत दिसतो.

याच विषयावर जपानी दिग्दर्शक जुनइची सुझुकी यांनी ‘टोयोज कॅमेरा’ हा पूर्ण लांबीचा पट २००९ च्या सुमारास केला. त्यात मियाताके यांची चित्रे ही एक खिडकी आहे. तिच्यातून जपानी अमेरिकनांच्या युद्धकाळाचे विस्तृत दर्शन घडविलेले आहे. हा विषय ज्यांना सर्वस्वी नवा आहे त्यांनी तो आधी पाहावा. चित्रांचे स्वतःचे रूप, त्यांतील काळ्या-पांढऱ्याच्या मधली ती अगणित करडी छटा, पाहावयाची असेल तर मात्र नाकामुरा यांच्याकडेच यावे लागते.

२१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी बंद झाली. मियाताके कुटुंब लॉस अँजेलिसला परतले. लिटल टोकिओ मात्र पूर्वीचे राहिले नव्हते. युद्धकाळात दक्षिणेतून कामासाठी आलेले कृष्णवर्णीय लोक तेथील रिकाम्या घरांत राहू लागले होते आणि त्या भागास ‘ब्राँझव्हिल’ हे नाव पडले होते. स्टुडिओ पुन्हा उभा राहिला. तोयो मियाताके १९७९ साली वारले. त्यांच्या हयातीतच आर्ची यांनी कारभार हाती घेतला होता. पुढे स्टुडिओ जवळच्या सॅन गेब्रियल या गावी गेला आणि तिसऱ्या पिढीकडे आला. आर्ची २०१६ साली निवर्तले. दुकानातील नेहमीची कामे कोण करी, रिटचिंग कोणाकडे होते, उधारी किती राहत असे, घरातील स्त्रियांचा वाटा काय होता, या गोष्टी अर्ध्या तासाच्या पटात येणे शक्य नव्हते. एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा तो विषय आहे, आणि त्यासाठी लॉस अँजेलिसपर्यंतच जावे लागेल असेही नाही. जुने स्टुडिओ आपल्याकडेही बंद पडत आहेत आणि त्यांच्या वह्या व निगेटिव्ह रद्दीत जात आहेत.

१९७८ साली लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कलादालनात ॲडम्स आणि मियाताके यांची चित्रे शेजारी शेजारी मांडून ‘टू व्ह्यूज ऑफ मॅन्झनार’ हे प्रदर्शन भरविण्यात आले. १९८८ साली अमेरिकन सरकारने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धाला २०,००० डॉलर दिले. १९९२ साली मॅन्झनार हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. लिटल टोकिओच्या पदपथावर नोबुहो नागासावा या शिल्पकर्तीने केलेली त्या लाकडी कॅमेऱ्याची ब्राँझची मोठी प्रतिकृती १९९३ पासून उभी आहे. तिच्यातून मियाताके यांची चित्रे समोरच्या संग्रहालयाच्या खिडकीवर पाडण्याची योजना केलेली आहे.

एक व्यावहारिक बाब शेवटी नोंदवितो, कारण तिचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. ॲडम्स यांनी आपली मॅन्झनारची चित्रे १९६५ नंतर अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयास देऊन टाकली. ती कोणीही विनामूल्य छापू शकतो. लँग यांची चित्रे सरकारी कामाची, म्हणून तीही मोकळी आहेत. मियाताके यांच्या निगेटिव्ह कुटुंबाच्या स्टुडिओकडे राहिल्या. पुस्तकांत त्यांची चित्रे छापली जातात तेव्हा खाली त्या स्टुडिओच्या सौजन्याची ओळ असते. पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रे फुकट मिळणाऱ्या चित्राकडे आधी वळतात, हे सांगावयास नको. छावणीचे जे रूप आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते ते बव्हंशी बाहेरून आलेल्या दोघांनी पाहिलेले आहे, त्याचे एक साधे कारण हे आहे. आतल्या माणसाचे चित्र हवे असेल, तर आजही स्टुडिओला पत्र लिहावे लागते.